आईची कैफियत आणि हिरवा रंग

मूल मान कधी धरते, कुशीवर कधी वळते, पालथे कधी पडते आणि पाळण्यावर वाकलेला चेहरा ओळखून हसू कधी लागते, याचे एक अलिखित दप्तर प्रत्येक आईच्या मनात असते. त्या दप्तरातील एखादी नोंद वेळेवर पडली नाही, तर ती आधी स्वतःशी, मग दबक्या आवाजात नवऱ्याशी आणि बऱ्याच दिवसांनी घरातील वडीलधाऱ्यांशी बोलते. वडीलधारी धीर देतात. मुलाचे काकाही चार वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते, असा दाखला निघतो. कोणी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढावयास सांगते. डॉक्टर वजन पाहतात, जीभ पाहतात, टॉनिक लिहून देतात आणि सहा महिन्यांनी पुन्हा आणावयास सांगतात. आईचे समाधान मात्र होत नाही. या न होणाऱ्या समाधानाने वैद्यकाच्या इतिहासात एकदा फार मोठे कार्य घडवून आणले, आणि ते कसे घडले हे आपल्याकडील वाचकांस सविस्तर ठाऊक असावे, असे मला पुष्कळ दिवसांपासून वाटत आले आहे.

नॉर्वे देशात बोर्गनी आणि हॅरी एगेलांड हे तरुण दांपत्य राहत असे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस त्यांना पहिली मुलगी झाली आणि काही वर्षांनी मुलगा झाला. मुलीला त्यांनी जे नाव ठेवले, त्याचा त्यांच्या भाषेत अर्थ ‘जीवन’ असा होतो, आणि मुलाच्या नावाचा अर्थ ‘दिवस’. दोन्ही मुले जन्मतः धडधाकट आणि गोरीपान होती. पण मुलगी चालावयास फार उशिरा लागली, बोलावयास त्याहून उशिरा, आणि जे बोले ते मोजक्या शब्दांपलीकडे कधी गेले नाही. आईने तिला एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे नेले. शरीरात दोष दिसत नाही, थोडी वाट पाहा, असेच तिला सांगण्यात येई. पुढे मुलगा झाला आणि त्याची अवस्था बहिणीहूनही कठीण निघाली: चार वर्षांचा झाला तरी तो चालत नव्हता, बोलत नव्हता, स्वतःच्या हाताने जेवत नव्हता, आणि त्याची नजर कशावर ठरत नव्हती. एकाच घरात, एकाच आईबापांच्या पोटी, दोन निरोगी दिसणाऱ्या मुलांवर एकसारखाच घाला पडावा, हा निव्वळ योगायोग आहे असे मानावयास ती माउली तयार नव्हती. तिने डॉक्टरांचे उंबरठे झिजविले आणि डॉक्टरांखेरीज इतर उपचार करणाऱ्यांच्याही पायऱ्या चढून पाहिल्या.

तिच्या कैफियतीत आणखी एक कलम होते, आणि ते ऐकून घेण्यास कोणीच राजी नव्हते. मुलांच्या अंगाला एक विचित्र वास येतो, असे ती सांगे. बंद कोठीत उंदरांचा वावर असला म्हणजे जसा कुबट दर्प साचतो, तशा जातीचा तो वास मुलांच्या केसांना, कपड्यांना आणि विशेषतः लघवीला येत असे. कितीही न्हाऊमाखू घातले, दुपटी कितीही उकळून धुतली, तरी तो हटत नसे. मुलांची बुद्धी खुंटली आहे आणि त्यांच्या अंगाला वास येतो, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे काय, एवढाच तिचा प्रश्न होता.

हा प्रश्न डॉक्टरांना बाष्कळ वाटला असेल, तर त्याचे कारण समजण्यासारखे आहे. वासाचे मोजमाप नसते. तो कागदावर उतरविता येत नाही. पाच मिनिटे तपासणाऱ्या इसमाला तो येतोच असे नाही, आणि चोवीस तास मुलाला मांडीवर घेऊन बसणाऱ्या बाईला तो विसरू म्हटले तरी विसरता येत नाही. परंतु जुन्या वैद्यकाने अशा साक्षीला कधी तुच्छ लेखले नव्हते. आपल्याकडील प्राचीन वैद्यांनी रुग्णाच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, या घरगुती निरीक्षणाची नोंद घेतली, आणि मधुमेहातील ‘मधु’ हा शब्द त्या मूत्राच्या गोडीतूनच आलेला आहे. शहरातील एका मोठ्या रुग्णालयाच्या बालरोग विभागाबाहेरील बाकावर मी स्वतः अनेक सकाळी बसलो आहे. तेथे प्लॅस्टिकच्या पिशवीत चार-चार वर्षांचे केसपेपर, एक्सरे आणि रक्ताचे रिपोर्ट तारीखवार लावून, मुलाला खांद्यावर निजवून, नंबर पुकारला जाण्याची वाट पाहणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. दारातून आत गेल्यावर त्यांना बोलावयास मिळणारा अवधी किती अल्प असतो, हेही पाहिले आहे. काय सांगावे याची त्या बाहेरच मनाशी उजळणी करीत असतात, आणि आत गेल्यावर नेमके जे सांगावयाचे तेच राहून जाते. बोर्गनीबाईंचे वैशिष्ट्य हे की, त्यांनी वासाचे कलम एकदाही राहून जाऊ दिले नाही.

अखेर १९३४ साली ओळखीच्या माणसांमार्फत ही कैफियत आस्ब्यर्न फोलिंग या गृहस्थांपुढे आली. हे फोलिंग १८८८ साली ट्रोंडेलाग प्रांतातील एका शेतकरी कुटुंबात जन्मले होते. त्यांनी प्रथम रासायनिक अभियांत्रिकीचा अभ्यास केला, पदवी घेतली आणि मग वैद्यकाकडे वळून ते डॉक्टर झाले. एका माणसाच्या अंगी या दोन विद्या एकत्र नसत्या, तर पुढचे काहीही घडले नसते, असे मला ठामपणे वाटते. कारण त्या मुलांची मज्जासंस्था तपासून जे कळणे शक्य नव्हते, ते रसायनाच्या परीक्षानळीत दिसणार होते. फोलिंग यांनी मुलांना तपासले, त्यांना बुद्धिमांद्याखेरीज विशेष काही आढळले नाही, आणि मग शिरस्त्याप्रमाणे त्यांनी लघवीची परीक्षा केली. साखर नव्हती, प्रथिने नव्हती. त्या काळी मधुमेह बळावलेल्या रुग्णांच्या लघवीत कीटोन नावाची द्रव्ये उतरली आहेत की नाही, हे पाहण्यासाठी तीत फेरिक क्लोराइडचे थेंब टाकीत. कीटोन असतील तर लालसर तपकिरी रंग येई, नसतील तर मूळ पिवळटपणा कायम राही. या मुलांच्या लघवीत थेंब पडताच ती गर्द हिरवी झाली आणि थोड्या वेळाने तो हिरवेपणा ओसरला.

असा रंग फोलिंग यांनी पूर्वी पाहिला नव्हता, पुस्तकांतूनही वाचला नव्हता. एखाद्या औषधामुळे असे झाले असेल, अशी त्यांना प्रथम शंका आली. म्हणून त्यांनी आईला मुलांची सर्व औषधे काही दिवस बंद ठेवावयास सांगितली आणि पुन्हा नमुना मागविला. रंग पुन्हा हिरवाच आला. हे द्रव्य कोणते, याची खातरजमा करावयाची तर ते लघवीतून शुद्ध स्वरूपात वेगळे काढणे भाग होते, आणि त्यासाठी लघवीही पुष्कळ लागणार होती. जवळजवळ दोन महिने ती आई मुलांची लघवी साठवून प्रयोगशाळेत पोहोचवीत राहिली; एकंदर सुमारे वीस लिटर. ज्या मुलांना सांगून काही समजत नाही, धाकट्याला तर स्वतःचे कसलेच भान नाही, त्यांच्याकडून थेंब थेंब गोळा करून वीस लिटरांची भरती करणे म्हणजे काय, याची कल्पना ज्यांनी लहान मूल सांभाळले आहे त्यांना करून देण्याची गरज नाही. शोधाच्या इतिहासात या श्रमांचा उल्लेख एका ओळीत येतो. माझ्या मते परीक्षानळीइतकाच मोठा वाटा त्यांचाही आहे.

ते द्रव्य हवेच्या संपर्काने बिघडत असे, म्हणून फोलिंग यांना हवा दूर ठेवून काम करावे लागले. अखेरीस त्यांच्या हाती स्फटिक आले. त्यांतील कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे प्रमाण त्यांनी काढले. स्फटिक कोणत्या उष्णतेला वितळतात ते पाहिले. आणि ज्या द्रव्याचा त्यांना संशय होता, त्या फिनाइलपायरुव्हिक आम्लाचा शुद्ध नमुना त्यात मिसळून मिश्रणाचा वितळणबिंदूही पाहिला. दोन पदार्थ भिन्न असतील तर मिश्रण लवकर वितळते, एकच असतील तर वितळणबिंदू हलत नाही, ही रसायनज्ञांची जुनी आणि खात्रीची कसोटी आहे. तो हलला नाही. निरोगी माणसाच्या लघवीत जे द्रव्य आढळत नाही, ते या दोन मुलांच्या लघवीतून रोज वाहून जात होते.

पण दोन मुलांवरून रोग सिद्ध होत नाही. फोलिंग यांनी ओस्लोच्या परिसरातील मतिमंदांच्या संस्थांतून आणि शाळांतून ४३० जणांची लघवी तपासली, आणि त्यांत आणखी ८ जणांच्या लघवीला तोच हिरवा रंग आला. त्याच वर्षी, म्हणजे १९३४ सालीच, त्यांनी आपला निबंध एका जर्मन शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. बुद्धिमांद्याच्या एका प्रकाराचे कारण शरीराच्या रसायनात आहे, असे दाखवून देण्याची ही पहिली वेळ होती. पुढे इंग्लंडमधील लायोनेल पेनरोज यांच्या पुढाकाराने या विकाराला फिनाइलकीटोन्यूरिया हे नाव पडले. नाव जड आहे खरे, पण त्यात आईचा प्रश्न आणि परीक्षानळीतील उत्तर अशी दोन्ही सामावलेली आहेत: लघवीत उतरणारे फिनाइलकीटोन.

आता शरीरात नेमके बिघडते काय, ते पाहू. आपण दूध, डाळी, अंडी, मांस, मासे यांतून जी प्रथिने खातो, त्यांचे पोटात तुकडे होऊन अमिनो आम्ले निर्माण होतात. त्यांपैकी एकाचे नाव फिनाइलॲलॅनिन. शरीराला ते हवे असते, कारण ते शरीराला स्वतः तयार करता येत नाही; मात्र जरुरीपेक्षा जास्त आलेल्या फिनाइलॲलॅनिनचे यकृतातील एक विकर टायरोसिन नावाच्या दुसऱ्या अमिनो आम्लात रूपांतर करून टाकते. ज्या मुलांत हे विकर जन्मतःच निकामी असते, त्यांच्या रक्तात फिनाइलॲलॅनिन साचत जाते, आणि हा साठा वाढत्या मेंदूला विषासमान ठरतो. पाट बुजला म्हणजे तुंबलेले पाणी जसे आडवाटेने शेतात शिरते, तसा या साठ्याचा काही भाग भलत्याच रासायनिक मार्गांनी फिनाइलपायरुव्हिक आम्लात आणि फिनाइलॲसेटिक आम्लात परिणत होतो. पहिल्यामुळे परीक्षानळीत हिरवा रंग येतो आणि दुसऱ्यामुळे तो कुबट वास. बोर्गनीबाईंचे नाक अचूक होते. त्वचेला आणि केसांना रंग देणारे द्रव्य टायरोसिनपासून घडते. ते या मुलांत तुटपुंजे असल्यामुळे अशी मुले बहुधा भावंडांहून गोरी आणि पिंगट केसांची असतात.

या विकाराची सर्वांत हृदयद्रावक बाजू अशी की, गर्भात असताना बाळाला काहीच होत नाही. जादा फिनाइलॲलॅनिन वारेतून आईच्या रक्तात जाते आणि आईचे निरोगी यकृत त्याची वासलात लावते. म्हणून बाळ जन्मते ते अगदी निर्दोष. नाळ तुटते, बाळ छातीला लावले जाते, आणि ज्या दुधाने त्याचे पोषण व्हावयाचे, त्याच दुधातील प्रथिन दिवसागणिक त्याच्या मेंदूची हानी करू लागते. पहिले काही महिने बाहेरून काही दिसत नाही. दिसू लागते तेव्हा पुष्कळ नुकसान होऊन गेलेले असते. एगेलांड दांपत्याने आपल्या मुलांना आईबापांनी द्यावयाचे ते सर्व दिले होते, दूधही दिले होते. त्यात त्यांचा तिळमात्र अपराध नव्हता. हा दोष आनुवंशिक आहे. आई आणि वडील या दोघांच्याही अंगी त्याची एकेक सुप्त प्रत असावी लागते, तेव्हा कोठे प्रत्येक गरोदरपणी चारांत एक या हिशेबाने मूल बाधित निघण्याचा संभव असतो. स्वतः आईबाप पूर्ण निरोगी असतात, आणि आपल्या अंगी असे काही आहे याची त्यांना गंधवार्ताही नसते.

आनुवंशिक हा शब्द १९३४ साली फार धोक्याचा होता. जर्मनीत त्याच वर्षाच्या आरंभापासून आनुवंशिक रोगी ठरविलेल्यांची सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा अमलात आला होता, आणि नॉर्वेनेही १९३४ मध्येच नसबंदीचा आपला कायदा मंजूर केला. अशा वातावरणात एखादा रोग पिढीजात आहे असे सिद्ध करणे, म्हणजे त्या रोगाच्या माणसांवर नवा फास टाकण्यासारखे होऊ शकले असते. पेनरोज यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर याच विकाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, असा सुप्त दोष समाजातून निपटून काढावयाचा तर दर शंभरांतील एका निरोगी माणसालाही अपत्य होऊ देता कामा नये. सबब तो सारा विचारच निरर्थक आणि अमानुष आहे. फोलिंग यांच्या शोधाने मात्र वेगळीच दिशा दाखविली होती: जो दोष रसायनात आहे, त्यावर उपायही रसायनात असू शकेल.

तो उपाय निघावयास आणखी जवळजवळ वीस वर्षे लागली, आणि तेथेही पुन्हा एक आईच कारण झाली. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या मुलांच्या रुग्णालयात १९५१ च्या सुमारास सतरा महिन्यांची एक मुलगी आणण्यात आली. ती उभी राहत नव्हती, चालत नव्हती, बोलत नव्हती. कण्हत, डोलत आणि डोके आपटीत पडून राही. होर्स्ट बिकेल या तरुण जर्मन डॉक्टरांनी तिचा विकार ओळखला आणि कागदावर उमटलेला फिनाइलॲलॅनिनचा ठळक ठिपका आईला मोठ्या अभिमानाने दाखविला. आईला त्या ठिपक्याचे काडीचेही कौतुक वाटले नाही. माझ्या मुलीसाठी काय करणार, एवढेच तिने विचारले. यावर इलाज नाही, हे उत्तर तिने स्वीकारले नाही. रोज सकाळी ती प्रयोगशाळेच्या दाराशी उभी राही आणि तोच प्रश्न विचारी. निदान हे डॉक्टरच्या दृष्टीने प्रवासाचे टोक असते आणि आईच्या दृष्टीने आरंभ, ही गोष्ट बिकेल तिच्याकडूनच शिकले असावेत, असे त्यांनी पुढे सांगितलेल्या हकिकतीवरून वाटते.

लंडनमधील लुई वुल्फ यांनी अशी कल्पना मांडली होती की, दुधातील प्रथिनाचे आम्लाने तुकडे करून ते मिश्रण कोळशाच्या भुकटीतून गाळले, तर फिनाइलॲलॅनिन कोळशाला चिकटून मागे राहील आणि बाकीचे पोषक द्रव्य खाली उतरेल. बिकेल, जॉन जेरार्ड आणि इव्हलिन हिकमन्स या तिघांनी मिळून असा आहार सिद्ध केला. पहिल्याच टप्प्यावर त्यांना ठेच लागली: फिनाइलॲलॅनिन पुरते वगळले तेव्हा मुलीचे वजन घटू लागले, कारण ते शरीराला थोडे तरी हवेच असते आणि न मिळाल्यास शरीर स्वतःचे मांस झिजवून ते काढून घेते. मग हिशेबाने थोडेसे दूध आहारात घालण्यात आले. काही महिन्यांत मुलीत फरक दिसू लागला: ती रांगू लागली, धरून उभी राहू लागली, तिचे डोळे टवटवीत झाले, केसांचा रंग गडद झाला आणि डोके आपटणे थांबले.

हा गुण आहाराचाच की काळाचा, याचा निकाल लावण्यासाठी डॉक्टरांनी पुढे जे केले, ते वाचताना आजही मन अस्वस्थ होते. आईला न सांगता त्यांनी त्या आहारात रोज ५ ग्रॅम फिनाइलॲलॅनिन मिसळले. सहा तासांतच मुलगी पूर्वीसारखी रडू लागली आणि डोके आपटू लागली. एका दिवसात तिचे उभे राहणे थांबले. पुढे तोच प्रयोग रुग्णालयात आईच्या संमतीने पुन्हा करण्यात आला आणि त्याचाही निष्कर्ष तोच निघाला. १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. शास्त्राच्या दृष्टीने पुरावा निर्णायक होता. पण त्या दिवसांत घरी बसून, आपल्या हाताने मुलीला भरविताना, आपले काय चुकले म्हणून ती बाई स्वतःला किती बोल लावीत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. पहिल्याच वेळी तिला विश्वासात घेतले असते, तर ती नाही म्हणाली असती असे मला वाटत नाही.

एक मर्यादा मात्र लवकरच ध्यानात आली. मेंदूची झालेली हानी आहाराने भरून निघत नाही. आहार जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत सुरू झाला तरच बुद्धी शाबूत राहते. एगेलांड यांच्या मुलांसाठी हा शोध फार उशिरा आला होता. मुलगा लहानपणीच वारला; मुलगी पुढे पुष्कळ वर्षे जगली, पण तिची बुद्धी बालपणापलीकडे वाढली नाही. नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या लेखिका पर्ल बक यांची मुलगीही याच विकाराची होती. १९२० साली चीनमध्ये जन्मलेल्या या मुलीला घेऊन बक अमेरिकेतील रुग्णालयांतून हिंडल्या. गोड शब्दांनी आशा लावणारे डॉक्टर त्यांना पुष्कळ भेटले. ही मुलगी कधीच बरी होणार नाही, असे स्पष्ट सांगणारा एकच भेटला, आणि त्या आयुष्यभर त्याच्या ऋणी राहिल्या. १९५० साली त्यांनी ‘द चाइल्ड हू नेव्हर ग्रू’ हे पुस्तक लिहून ही गोष्ट उघडपणे सांगितली, तेव्हा देखील मुलीच्या विकाराचे नाव त्यांना ठाऊक नव्हते. ते कळले तेव्हा मुलीने वयाची चाळिशी गाठली होती.

मग प्रश्न असा उभा राहिला की, जे बाळ जन्मतः निर्दोष दिसते, ज्याला अजून वासही येत नाही, त्याच्यातील दोष पहिल्या आठवड्यातच ओळखावा कसा? उत्तर अमेरिकेतील बफेलो शहराच्या रॉबर्ट गथ्री यांनी शोधले. त्यांचा स्वतःचा एक मुलगा मतिमंद होता आणि त्यांच्या एका भाचीचा फिनाइलकीटोन्यूरिया पंधराव्या महिन्यात, म्हणजे उशिरा, ओळखला गेला होता. गथ्री हे मूळचे जीवाणुशास्त्रज्ञ. त्यांची तोड साधी आणि विलक्षण होती. बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचे काही थेंब जाड टिपकागदावर घ्यावयाचे आणि वाळवावयाचे; त्या कागदाची चकती जीवाणू पेरलेल्या थरावर ठेवावयाची. त्या थरात जीवाणूंची वाढ रोखणारे एक द्रव्य आधीच मिसळलेले असते, आणि फिनाइलॲलॅनिन पुरेसे असेल तरच हा अटकाव सुटतो. रक्तात ते बेसुमार असेल, तर चकतीभोवती जीवाणूंचे पांढुरके कडे उमटते. वाळलेला कागद टपालाने पाठविता येतो, हा या रीतीचा सर्वांत मोठा गुण. खेडेगावात जन्मलेल्या बाळाची परीक्षा दूरच्या शहरात होऊ शकते. १९६३ साली मॅसॅच्युसेट्स राज्याने प्रत्येक नवजात बाळाच्या अशा तपासणीचा कायदा केला, आणि मग हा शिरस्ता देशोदेशी पसरला. आज जीवाणूंची जागा यंत्रांनी घेतली आहे आणि एकाच थेंबातून कित्येक विकार ओळखता येतात. टाच आणि टिपकागद मात्र कायम आहेत.

आपल्याकडे काय स्थिती आहे? फिनाइलकीटोन्यूरिया आपल्या देशात युरोपच्या मानाने विरळ आढळतो. परंतु टाचेच्या त्याच थेंबातून ओळखता येणारी जन्मजात थायरॉइडची कमतरता आपल्याकडे सुमारे हजार-अकराशे बाळांमागे एकाला असते. तिच्यावर रोजची एक स्वस्त गोळी पुरते, आणि ती वेळेवर सुरू न झाल्यास बुद्धी कायमची खुंटते. असे असूनही सर्व नवजात बाळांच्या तपासणीची सक्तीची तजवीज देशभर अजून झालेली नाही. गोव्याने २००८ साली सरकारी खर्चाने ही तपासणी सुरू करून पहिले पाऊल टाकले, याचा उल्लेख कृतज्ञतेने करावयास हवा. २०२१ साली केंद्र सरकारने दुर्मीळ आजारांविषयी राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्याअन्वये मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय हे अशा रुग्णांसाठी नेमलेल्या केंद्रांपैकी एक आहे, आणि विशिष्ट आहारावर सांभाळता येणाऱ्या विकारांच्या यादीत फिनाइलकीटोन्यूरियाचे नाव आहे. ज्या आईबापांना मुलाच्या वाढीविषयी शंका आहे, त्यांनी थांबा आणि पाहा या सल्ल्यावर वर्ष घालवू नये. काय दिसले, केव्हापासून दिसले, घराण्यात असे पूर्वी कोणाला होते काय, आईबाप परस्परांच्या नात्यातील आहेत काय, याचा तपशील वहीत तारीखवार लिहून ती वही डॉक्टरपुढे ठेवावी. तोंडी सांगताना जे राहून जाते, ते वहीत राहत नाही.

निदान झाल्यावर पुढे जे आयुष्य सुरू होते, ते स्वयंपाकघरात सुरू होते. या मुलांना दूध, पनीर, डाळी, अंडी, मासे आणि मांस वर्ज्य. गहू आणि तांदूळही मोजून. प्रथिनांची उणीव फिनाइलॲलॅनिन वगळून बनविलेल्या औषधी भुकटीने भरून काढावयाची. ती चवीला कडवट असते आणि आपल्याकडे महाग पडते. साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅस्पार्टेमच्या डबीवर या विकाराच्या लोकांसाठी बारीक अक्षरांत जी सूचना छापलेली असते, तीही याचसाठी, कारण त्या गोडीतून फिनाइलॲलॅनिन सुटते. हे पथ्य मोठेपणीही सुटत नाही. अशी मुलगी मोठी होऊन गरोदर राहिली, तर तिच्या रक्तातील साठा पोटातील निरोगी बाळाच्या मेंदूला आणि हृदयाला इजा करू शकतो. म्हणून तेव्हा तर ते अधिकच काटेकोर पाळावे लागते. आपल्या उपवासाचा साबुदाणा या मुलांच्या फार उपयोगी पडतो, कारण त्यात प्रथिन जवळजवळ नसते. ओट्यावरच्या लहान काट्यावर बटाट्याच्या फोडी ग्रॅमाने तोलून आई खिचडी करते. तीत दाण्याचे कूट पडत नाही. ठरल्या दिवशी मुलाच्या बोटाला टोचून रक्ताचे थेंब टिपकागदावर घेऊन प्रयोगशाळेत पाठविले जातात, आणि तेथून येणाऱ्या आकड्यावरून पुढच्या पंधरवड्यात बटाट्याची एक फोड वाढवावयाची की कमी करावयाची, हे ठरते.